तोंडचं सोनं

२ सप्टेंबर २०१५

पोचलो एकदाचे सिंगापूरला! विमानतळावरच्या तपासणीत माझी लाकडी परात निघाली, तेव्हा तिथल्या बाईंनी ती उलटसुलट करून हे काय म्हणून विचारलं. सविता चटकन म्हणाली, कणीक मळायची. इतक्या वर्षांच्या संसारात त्या परातीबद्दल ती बरं बोलली ती पहिल्यांदाच.

त्या परातीत कणीक कधी पडलेली नाही. बँकेनं आमगावला बदली केली होती तेव्हा वाघ नदीवर सोनझारी बायका वाळू धुऊन सोनं काढताना पाहिल्या आणि मला नाद लागला. परातीत वाळू घ्यायची, पाण्यात गोल फिरवायची. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी राहतं. मिळतं काय, तर मोहरीच्या टोकाएवढं, तेही नशिबात असेल तर. निवृत्तीनंतर जिथं ओढा दिसेल तिथं मी परात घालतो. सविता सगळ्यांना सांगते, लोकांचे नवरे पत्ते खेळतात, माझा वाळू धुतो.

अश्लेषा भलंमोठं पोट सावरत घ्यायला आली होती. नमस्काराआधी म्हणाली, बाबा, आ करा. लहानपणापासूनची तिची खोड. आमगावच्या सोन्याची मी दाढेवर टोपी करून घेतली आहे, ती बघितल्याशिवाय लेकीला बाप आल्यासारखा वाटत नाही. मी भर विमानतळावर आ केला.

या महिन्यात केव्हाही आजोबा होईन. 

५ सप्टेंबर

घर सिमेईला, नवव्या मजल्यावर. बाहेर लांबच लांब सामाईक कॉरिडॉर. प्रत्येक दाराशी कुंड्या, चपलांचे रॅक, एका शेजारणीची तुळस आणि दुसरीची मिरची. जावई विवेक चांगी बिझनेस पार्कमध्ये कामाला आहे. शांत मुलगा. माझ्या रक्त पातळ ठेवायच्या गोळीची आठवण सविताच्या आधी तो करतो.

हॉलमध्ये विहीणबाईंचा, मीनलताईंचा फोटो आहे. मुलाकडे राहायला आल्या आणि इथंच हृदयविकारानं गेल्या. आमचे पासपोर्टच झाले नव्हते, त्यामुळे येता आलं नाही. बाईंची जीभ मोठी तिखट. लग्नात माझी दाढ बघून म्हणाल्या होत्या, व्याह्यांच्या तोंडी लागायचं तर सराफ बरोबर आणायला हवा. फोटोत ओठ मिटून हसताहेत, नाकात चमकी. नातू बघायला त्या हव्या होत्या.

या लोकांचं मला एक फार आवडलं. रांग! खाणावळीच्या गाळ्यापुढे, बसथांब्यावर, लिफ्टशी, कुणी न सांगता एकामागे एक उभे. धक्का नाही, कुरकुर नाही. किती का वेळ लागेना, आपलं आपल्याला मिळणार याची खात्री असल्यासारखे.

११ सप्टेंबर

बायका बाळंतविडा लावताहेत, मी अडगळ. विवेकला विचारलं, इथं सोन्याची नदी आहे का हो? तो पोट धरून हसला. म्हणाला, बाबा, इथली वाळूसुद्धा बाहेरून येते.

तरी सापडलीच मला जागा. चांगी गावाकडे बस जाते, शेवटच्या थांब्याहून चालत गेलं की झाडीतून एक ओहोळ समुद्राला मिळतो. ओहोटीला वाळूचा चांगला पट्टा उघडा पडतो. काठाला मडक्याच्या खापऱ्या, झेंडूची फुलं, एक फुटका नारळ. कुणी पूजा बुडवलेली दिसते. परदेशात आले तरी आपले लोक वाहतं पाणी दिसलं की काहीतरी टाकणारच, असं पुटपुटत मी खापऱ्या पायानं बाजूला सारल्या आणि परात भरली.

आज काळी रेती तेवढी हाती लागली. पण हात पाण्यात गेला की जिवाला बरं वाटतं.

१४ सप्टेंबर

सोनं! सिंगापुरात! कुणाचा विश्वास बसणार नाही.

शेवटच्या फिरकीला परातीच्या कडेला पिवळं चमकलं. मग आणखी. थोडी गंमत वाटली, कारण नदीचं सोनं पापुद्र्यासारखं चपटं असतं, दगडांनी चेचलेलं. हे गोल निघालं, तापून थेंब झाल्यासारखं, वर राखाडी पूट. एक कण तर चांगला डाळीएवढा, त्याला वाकडी बारीक दांडी. म्हटलं, देश तसं सोनं. माझ्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत सगळं भरलं.

निघताना ओहोळाच्या तोंडाशी एक वृद्ध गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे दिसले. आ वासून माझ्याकडे बघत होते. सोनं बघून कुणाचंही तोंड उघडं पडायचंच! मी हात केला. त्यांनी केला नाही.

घरी कुणाला बोललो नाही. बाळ आलं की सांगेन.

२० सप्टेंबर

मुलगा! मायलेक सुखरूप. काय आवाज आहे! दवाखान्याच्या कॉरिडॉरभर ऐकू येत होतं. नर्सबाई म्हणाल्या, हा गवई होणार. सविता रडत होती, विवेक रडत होता, मी मात्र डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगितलं.

२४ सप्टेंबर

बाळ घरी आलं. बाहेर सगळं धुरकट आहे. समुद्रापलीकडच्या बेटावर रानं जळताहेत आणि धूर इथं येतो. सूर्य तांबड्या टिकलीसारखा दिसतो. रस्त्यात प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. उद्या शाळासुद्धा बंद.

सविताचा मात्र हिरमोड झाला. बाळगुटीचा डबा आणि सहाण तिनं एवढ्या हौसेनं आणली, पण अश्लेषानं बजावलं आहे की दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही जाता कामा नये. मध तर वर्षभर मुळीच नाही, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. डबा माळ्यावर गेला, सहाण ओट्याखाली.

पण सोनं? आमच्या घरात प्रत्येक मुलाला मधात सोनं उगाळून चाटवलं आहे. मला माझ्या आजोबांनी, अश्लेषाला मी. बोटभर तर असतं! आजोबांनी आपल्या हातानं धुतलेलं सोनं नातवाच्या जिभेला लागलं, तर कोणता डॉक्टर आडवा येणार आहे?

२७ सप्टेंबर

चाटवलं. दुपारी अश्लेषा अंघोळीला गेली आणि सविताचा डोळा लागला, तेव्हा सहाण काढली. दांडीचा तो मोठा कण घेतला, कारण दांडीला धरून उगाळायला तोच सोपा. मधात सोनेरी रेघ उमटली. बाळानं माझं बोट असं काही चोखलं की बस! मिटक्या मारत होता लबाड.

सहाण धुऊन जागेवर ठेवली. उद्यापासून पितृपंधरवडा, म्हणून आजच उरकलं. बारसंही पंधरवड्यानंतरच करायचं ठरलं आहे. तोवर आमचं बाळ नुसतं बाळ.

२८ सप्टेंबर

बाळ सकाळपासून रडलं नाही. अश्लेषा म्हणाली, किती गुणी! मला ते बरं वाटलं नाही. कारण रडण्यासाठी तोंड उघडत होतं. पूर्ण उघडत होतं, हातपाय ताणत होतं, चेहरा लाल होत होता. आवाज मात्र नाही.

दूध बाहेर येतं आहे. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी राखाडी दिसलं म्हणून मी पुसलं. बोटाला कचकच लागली. वाळू.

मी बोट घासून घासून धुतलं.

३० सप्टेंबर

डॉक्टरांनी तपासलं. घसा साफ आहे, धुरामुळे असेल, दोन दिवस बघू म्हणाले.

दवाखान्यातून घरी पोचलो तर खाली लिफ्टसमोर तो गृहस्थ उभा होता. ओहोळातला. मला लगेच ओळखू आला, कारण सगळ्या इमारतीत मास्क नसलेला तोच एक. आ वासलेला. त्या दिवशी मला वाटलं होतं, आश्चर्यानं उघडलंय तोंड. आश्चर्य नव्हतं ते. तीर्थ घ्यायला माणूस तोंड उघडतो तसं ते उघडं होतं, आणि आत काही नव्हतं. जीभ नाही, दात नाहीत, काळोख आणि ओली वाळू.

अश्लेषा बाळाला घेऊन त्याच्या अंगावरून, म्हणजे त्याच्यातून, लिफ्टमध्ये गेली. तिला काही जाणवलं नाही. बाळानं मात्र मान वळवली. एवढंसं पोर, अजून मान धरत नाही, आणि त्यानं मान वळवली.

१ ऑक्टोबर

ते रांगेत उभे आहेत.

लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत. भर दुपारी. कुंड्यांना धक्का न लावता, चपलांचे रॅक सोडून, एकामागे एक. पुरुष, बायका, एक काठी टेकलेली म्हातारी. कपड्यांतून पाणी ठिबकतं आहे. कुणी बोलत नाही, कुणी पुढे घुसत नाही. सगळ्यांची तोंडं उघडी आणि आमच्या दाराकडे.

शेजारची चिनी आजी विवेकला बोलून गेली की कॉरिडॉरमध्ये रोज वाळू अन् पाणी कसलं सांडता, पाय घसरेल कुणाचा. सविता पोछा घेऊन बाहेर गेली आणि त्यांच्या पायांतून पुसत राहिली. मला म्हणाली, असे दारात काय उभे राहिलात भूत पाहिल्यासारखे.

मी आत आलो. मला भीती वाटते आहे. कुणाला सांगता येत नाही, लिहितो तेवढंच, मला फार भीती वाटते आहे.

३ ऑक्टोबर

आज कळलं. आज सगळं कळलं.

विवेक सकाळी म्हणाला की या पंधरवड्यात आईला पाणी द्यायला एकदा चांगीला जाऊन येईन. मी विचारलं, चांगीला कुठं? झाडीतून ओहोळ समुद्राला मिळतो तिथं, म्हणाला. आपले बरेच लोक अस्थी तिथंच सोडतात. आईच्याही तिथंच सोडल्या.

माझ्या हातातला कप पडला. खापऱ्या. झेंडू. नारळ. अरे, आपल्या बापाच्या अस्थी मी स्वतः मडक्यातून सोडल्या आहेत! शेंबडं पोरसुद्धा ओळखेल ते मला दिसलं नाही, कारण माझी नजर परातीत होती.

मग तो आपणहून बोलत राहिला. घाईत घरात सोनं सापडेना, म्हणून शेवटी आईच्या नाकातली चमकी काढली आणि तिच्या तोंडात ठेवली. तुळस आणि चमकी. रिकाम्या तोंडानं पाठवायचं नसतं ना बाबा, म्हणाला.

चमकी. वाकडी बारीक दांडी.

मी त्यांच्या तोंडचं काढलं. सगळ्यांच्या तोंडचं. आणि विहीणबाईंचं उगाळून—

४ ऑक्टोबर

पहिल्या बसनं गेलो. बाटली ओहोळात रिकामी केली, शेवटचा कण झटकून. पाण्यात उभा राहून हात जोडले. चुकलं म्हणालो. अजाणता झालं म्हणालो. परातही सोडून दिली, ती पाण्यावर गोल फिरत गेली.

घरी आलो तर कॉरिडॉर कोरडा. रांग नाही! मी लिफ्टशीच बसलो आणि हुंदके देऊन रडलो.

मग दाराकडे पाहिलं.

एक उरली आहे. नऊवारी ओली, कपाळावर कुंकू ओघळलेलं. तिचं सोनं मी परत केलं. पण झिजलेलं केलं. झिजलेलं कुठं आहे ते तिला ठाऊक आहे.

५ ऑक्टोबर

बाळाचं वजन उतरलं. अश्लेषा सारखी रडते. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवसांत दूध टिकलं नाही तर दाखल करा, नळीनं द्यावं लागेल. कशामुळे ते त्यांना सांगता येत नाही.

मला येतं. सांगितलं तर कोण ऐकेल?

मध दिला एवढं सांगितलं. अश्लेषानं माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. म्हणाली, बाबा, आता बाळाजवळ येऊ नका.

मीनलताई दारातून आत आल्या आहेत.

६ ऑक्टोबर

स्वतःच्याच फोटोखाली उभ्या. फोटोत ओठ मिटलेले. खाली—

सेरंगून रोडवरच्या सराफाकडून सोन्याचा मणी आणला, नवा कोरा. डोळे मिटून त्यांच्या तोंडात ठेवला. मनगटापर्यंत गार. मणी फरशीवर टणटणत आला. पुन्हा ठेवला, पुन्हा बाहेर. सविता म्हणाली, मणी कुणाचा पडला?

दुकानातलं त्यांना नको. त्यावर कुणाचं तोंड नाही.

७ ऑक्टोबर

पाळण्याशी आहेत. वाकल्या आहेत. तोंडावर तोंड.

हात जोडून सांगितलं, विहीणबाई, तुमचाच नातू आहे हो. तुमच्या विवेकचा. त्यांना ऐकू येत नाही. नाती वगैरे तिकडे राहत नसावीत. फक्त तोंड.

बाळाचंही उघडं आहे. डोळे मिटत नाही. छाती हलते की नाही ते बघायला मी दारातूनच— अश्लेषा जवळ येऊ देत नाही—

८ ऑक्टोबर

सापडलं. तोंडातलं हवं. कुणाच्या तरी तोंडात राहिलेलं, आपखुशीनं काढलेलं.

माझ्याकडे आहे!

विवेकची पक्कड घेतली. न्हाणीघराची कडी लावून—

निघाली. दाढेसकट निघाली. रक्त थांबत नाही, ती गोळी— असू दे.

दिली त्यांना. या हातानं ठेवली. म्हणालो, घ्या, सराफ आणायला नको, व्याह्यानं स्वतःच आणलं. बाळाच्या तोंडात गेलेलं ते आता तुमचं नाही, माझं.

तोंड मिटलं. हळूहळू मिटलं. फोटोतल्यासारख्या दिसल्या, अगदी तशा. मग तिथं फक्त ओली फरशी.

आणि बाळ रडलं! केवढ्यानं रडलं! अश्लेषा धावली, सविता धावली, विवेक धावला. दूध प्यायलं, टिकलं. सविता देवाला साखर ठेवते आहे. माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. बरंय. सदरा बदलायला हवा, सगळा भिजलाय. जरा कोचावर पडतो.

९ ऑक्टोबर

तोंड मिटत नाही.

मघापासून कॉरिडॉरमध्ये उभा आहे. कसा आलो आठवत नाही. चिनी आजी गेली. माझ्यातून.

आत अश्लेषा ओरडते आहे, बाबा, बाबा. सविता कोचावर कुणाला तरी हलवते आहे. माझा सदरा घातलाय त्यानं.

माझ्या बोटांतून पाणी ठिबकतं. पान ओलं होतंय. सविता, हे तुला वाचता आलं तर एवढंच कर. मला नेण्याआधी माझ्या तोंडात सोन्याचा कण ठेव. दुकानातला नको. तुझ्या मंगळसूत्रातला. रिकाम्या तोंडानं पाठवू नकोस.

लवकर. कारण मला वास येतोय. मधाचा. आणि सोन्याचा, घरात कुठं आहे त्याचा, मला सरळ—

सविता, बाळाला उचल. पाळण्यातून उचल त्याला. मी इथंच थांबायचं म्हणतोय, दाराची चौकट धरून ठेवलीये, पण पाय— सविता, त्याच्या तोंडात अजून माझं—